समोरून रंग, मागून उघड्या विटा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च सरत आला की आपल्या पेपरात तापमानाची चौकट सुरू होते, लातूर एवढं, परभणी एवढं, नांदेड एवढं, आणि ४२-४३ च्या पुढं गेलं की ती चौकट उचलून पहिल्या पानावर येते. आम्ही वाचतो, हॉटेलात त्याच्यावर चर्चा पण होते. पण ते तापमान कुठलं असतं हे लई जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. हवामान खात्याचा थर्मामीटर उन्हात टांगलेला नसतो, तो जमिनीपासून चारेक फुटावर एका लाकडी पेटीत असतो, पेटीला बाहेरून पांढरा रंग, चारी बाजूला दुहेरी झडपांच्या फळ्या, वर छप्पर पण दुहेरी, मधून हवा खेळती. म्हणजे त्या काचेच्या नळीला जेवढं चांगलं घर बांधून दिलंय तेवढं चांगलं घर आमच्या औसा तालुक्यात शोधून सापडायचं नाही. पेपरात छापलेलं ४३ हे त्या पेटीतलं. निळ्या पत्र्याखाली दुपारी तीन वाजता झोळीत लेकरू झोपलेलं असतं, तिथलं कोणी मोजत नाही अन् छापत पण नाही.

मी एका शाळेत लॅब असिस्टंट आहे. घर स्वतः बांधलंय, म्हणजे मिस्त्री रोजावर होता पण विटा उचलण्यापासून पाणी मारण्यापर्यंत मी, बायको आणि साडू. दोन खोल्या अन् पुढं ओसरी. पुढची खोली स्लॅबची, मागची पत्र्याची, कारण पैसे तिथं संपले, सगळ्यांचेच साधारण तिथंच संपतात. हे पत्र बांधकामाबद्दल नाही, त्याच्यानंतरच्या कामाबद्दल आहे, म्हणजे घराच्या बाहेरच्या अंगाबद्दल. छत आणि बाहेरच्या भिंती. आमच्याकडं स्लॅब पडला की घर झालं म्हणतात, वास्तुशांती होते, आणि बाहेरचं अंग जे राहतं ते राहतंच.

कुठल्याही गावात शिरा आणि घराला चक्कर मारून बघा. समोरची बाजू प्लास्टर केलेली, वर डिझाइन काढलेली, गुलाबी नाहीतर पोपटी रंग, कुलस्वामिनीचं नाव. बाकीच्या तीन बाजू उघड्या विटा, सांध्यातनं सिमेंट बाहेर लोंबलेलं. इस्त्रीचा शर्ट घातलाय अन् पाठीला कापडच नाही असला प्रकार. आत जाऊन बघा तर चकचकीत टाइल्स, टीव्हीच्या मागं पीओपी, फिरत्या रंगाचे लाइट. मी कुणाला नावं ठेवत नाही, आल्यागेल्याला जे दिसतं त्याच्यावर माणूस खर्च करणारच, सोयरीक जमवायची असते. पण सोयरे दोन तास बसून जातात, आणि मागच्या उघड्या भिंतीतनं उन्हाळ्यात ऊन आणि पावसाळ्यात ओल आत येते ती आपल्याला वर्षभर पुरते. पुढची बाजू पूर्वेला असेल, आणि शास्त्र बघून बऱ्याच जणांची तशीच असते, तर मागची उघडी राहिलेली बाजू बरोबर पश्चिमेला येते. म्हणजे जी भिंत सगळ्यात जास्त तापते आणि जून-जुलैत जिच्यावर पावसाची झड बसते, तिलाच काही नाही.

पैसा कमी असेल तर आधी कुठं घालायचा, हा खरा प्रश्न आहे. माझं मत सरळ आहे, आधी छत, मग पश्चिमेची भिंत, मग बाकीचं, आणि टाइल्स सगळ्यात शेवटी. कारण आपलं ठिकाणच तसं आहे. मे महिन्याच्या मध्याला लातूरला शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही, पोरांना आम्ही शाळेच्या ग्राउंडवर दाखवतो. सावली पडत नाही म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला दुपारी ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळं छतावर. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे काही आठवडे पण तसलेच. मग तीनच्या पुढं सूर्य खाली आला की पश्चिमेची भिंत धरतो, आणि तिथं छज्जा काही कामाचा नाही, ऊन छज्जाच्या खालून तिरपं येतं. दक्षिणेला छज्जा चालतो, पश्चिमेला उभा आडोसाच पाहिजे. हे साधं गणित आहे पण घराचा प्लॅन काढून देणारे पण चारी बाजूला सारखाच दीड फुटाचा छज्जा काढून देतात.

कोरोनात शाळेला कपाळावर धरायची ती थर्मामीटरची गन आली होती. एका दुपारी मी ती माझ्या मागच्या खोलीत खालून पत्र्यावर धरली. आकडा आलाच नाही, नुसतं एच आय लिहून आलं, म्हणजे तिच्या आवाक्याच्या बाहेर. माणसाच्या तापाच्या वरचं ती मोजत नाही. तेवढ्यानं पण कळलं काय कळायचं ते, डोक्यावर तीन हातांवर तापलेलं लोखंड आणि खाली आपण. फॅन लावला तर तो तीच हवा फिरवतो.

आता कोणी म्हणेल, जुने लोक काय वेडे होते का, माळवदात राहायचे, उन्हाळ्यात गारेगार. खरंय. माझं आजोळ माळवदाचं होतं, दोन-दोन हात रुंद दगडाच्या भिंती, वर सागवानी सरे, त्याच्यावर किलचन म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, त्याच्यावर पांढरी माती. दुपारचं ऊन एवढ्या मातीतनं आत उतरेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री माणसं बाहेर बाजेवर. पण आमच्या भागात माळवदाचं कौतुक जरा जपून करावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास, किल्लारी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. सुमारे १०,००० माणसं गेली. भूकंप ६.२ चा होता, पण माणसं मारली ती मातीत रचलेल्या दगडाच्या भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीनं. माळवद गळायला लागलं की दर साली मातीचा नवा थर टाकायचे, असं करत करत तो दीड-दोन फूट व्हायचा. हिशोब करून बघा, १० बाय १० ची खोली आणि दीड फूट माती, साधारण ७ टन होतं. एवढं ओझं डोक्यावर घेऊन माणसं झोपायची.

त्याच्यानंतर आमच्याकडं जो तो पत्रा आणि स्लॅबकडं गेला आणि ते बरोबरच होतं. पण माती गेली तिच्याबरोबर गारवा पण गेला, आणि त्याच्या जागी काय आणायचं ह्याचा विचार कोणी केला नाही. भूकंपाला टिकेल असं घर बांधायला शिकवलं, अभ्यास झाले, नियम आले, ते पाहिजेच होतं. उन्हाचं मात्र राहून गेलं. आता आपल्याला असं छत पाहिजे की जे थंड ठेवेल आणि जड नसेल. ह्या दोन गोष्टी एकत्र येतात, आणि त्याला लाखभर रुपये लागत नाहीत, म्हणून तर एवढं लांब पत्र लिहायला बसलोय.

पत्र्याचं आधी सांगतो. लोकांचा समज असा की नवा कोरा चकचकीत पत्रा ऊन परतवतो. काही प्रमाणात परतवतो, पण उघड्या धातूची खोड अशी आहे की जेवढी उष्णता घेतो तेवढी सहजासहजी बाहेर सोडत नाही, धरून बसतो. पांढरा रंग दोन्ही करतो, ऊन परतवतो आणि घेतलेली उष्णता आभाळाकडं सोडतो पण. म्हणून पांढरा रंगवलेला पत्रा कोऱ्या पत्र्यापेक्षा थंड राहतो. आणि सध्या जी निळ्या, विटकरी पत्र्यांची फॅशन आलीय ती दिसायला बरी पण ऊन प्यायला एक नंबर. गंजलेल्या पत्र्याबद्दल तर बोलायलाच नको. कलरकोट पत्राच घ्यायचा असेल तर पांढरा नाहीतर फिकट मागा, दुकानदार म्हणेल लवकर मळतो, मळू द्या.

नव्या जस्ताच्या पत्र्यावर रंग धरत नाही हे पण लक्षात ठेवा. एक पावसाळा जाऊ द्यायचा, नाहीतर आधी साबणानं धुवून जस्तावर चालणारा प्रायमर मारायचा, मग वरून पांढरा. घाई केली तर वर्षभरात पापुद्रे निघतात अन् मग लोक म्हणतात रंगाचा काही फायदा नाही. माझ्या मागच्या खोलीला रंग-प्रायमर मिळून जो खर्च आला त्यात बरा कूलर पण आला नसता. आणि कूलरचं म्हणाल तर त्याला पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूर जिल्ह्यात घर थंड करायचा उपाय म्हणून लोकांना कूलर सांगणं मला पटत नाही. टँकरचं पाणी प्यायचं का कूलरला पाजायचं?

रंगानंतर पत्र्याच्या खाली काहीतरी पाहिजे. ती चंदेरी बबल शीट मिळते, मधी हवेचे फुगे आणि वरून अॅल्युमिनियमचा पातळ थर, ती लई जण पत्र्याला चिटकून लावतात आणि अर्धा फायदा घालवतात. चंदेरी बाजूला समोर मोकळी हवा लागते, तरच ती काम करते. पत्रा, मग दोन-तीन इंच पोकळी, मग शीट, आणि चकाकी खाली तोंड करून असली तर उत्तम कारण वर तोंड करून असली तर तिच्यावर धूळ बसते आणि धुळीखाली चकाकी काय कामाची. पोकळीची दोन्ही टोकं मोकळी ठेवायची, जाळी मारून, म्हणजे गरम हवा बाहेर निघते आणि चिमण्या-उंदीर आत येत नाहीत. मी शीटच्या खाली आणखी बांबूच्या तट्ट्या बांधल्यात, दिसायला पण बऱ्या दिसतात.

थर्माकोल पण चालतो, पण त्याच्या तीन भानगडी आहेत. एक, चुलीच्या खोलीत उघडा थर्माकोल नकोच नको, पेटला की वितळून थेंब थेंब खाली पडतो आणि काळा धूर करतो. आग कमी धरणारा थर्माकोल मिळतो तो मागा, तरी पण वरून काहीतरी झाकण पाहिजेच. दुसरं, तो चिटकवायला ते पिवळं रबराचं सोल्युशन वापरू नका. साडूनं हौसेनं डबा आणला होता, मी म्हणलं आधी तुकड्यावर लावून बघ. लावलं, आणि आमच्या डोळ्यादेखत थर्माकोलला भोक पडून तो आत बसत गेला, चुर्र असा आवाज करत. पेट्रोल, थिनर, ऑइल पेंट, सगळ्यांचं तेच. पाण्यात मिसळणारा पांढरा गम नाहीतर सिमेंटचं अॅडेसिव्ह, दुसरं काही नाही. तिसरं म्हणजे उंदीर, त्याला थर्माकोल खायला नाही पण पोखरायला लई आवडतो.

आणि पत्र्यावर दगड ठेवू नका हो. मे महिन्यात वादळ आलं की पत्रे उडतात म्हणून आमच्याकडं वर दगड मांडून ठेवतात, आणि पत्रा उडाला की तोच दगड कुणाच्या तरी डोक्यात. हुक आणि रबरी वॉशर वाढवा, अँगल भिंतीत नीट धरा. उन्हाळ्यात पत्र्यावर कडबा, पाचट टाकायची पण पद्धत आहे, गारवा देतो नक्कीच, पण शेजाऱ्याच्या घरची एक ठिणगी पुरते, त्यात विंचूकाट्याचं भ्या.

स्लॅबचं जरा निवांत सांगतो कारण त्याच्यात थोडा अभ्यास केलाय. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्यावर ओततो, म्हणून स्लॅबच्या घरात संध्याकाळी सात ते मध्यरात्र सगळ्यात वाईट. लोक खालून पीओपीचं सिलिंग करतात, त्यानं थोडा फरक पडतो, पण स्लॅब तर तापतोच. आवरण वरून पाहिजे, म्हणजे स्लॅबच सावलीत राहतो. उष्णता किती अडते ह्याचं माप प्रत्येक वस्तूचं वेगळं असतं, २ इंच थर्माकोल जेवढी अडवतो तेवढी अडवायला विटेची भिंत साडेतीन-चार फूट जाड लागेल. वजन मात्र एका हातानं उचलेल एवढं. माळवदाचं काम ही वस्तू करू शकते, आणि ७ टन डोक्यावर न ठेवता.

आता ह्याला सरकारी मोजमाप पण आहे. केंद्राचा इको निवास संहिता म्हणून नियम आहे, २०१८ चा, राहत्या इमारतींसाठी. त्याच्यात छतातनं उष्णता किती आत यावी ह्याची हद्द घालून दिलीय, तो आकडा १.२ आहे. आपला साधा ५ इंची उघडा स्लॅब त्याच मापात ३ च्या वर जातो. त्याच्यावर नुसता एक इंच थर्माकोल नीट बसवला तर १ च्या आसपास येतो, म्हणजे पास. पण गंमत पुढं आहे. तो नियम ज्या प्लॉटला लागू होतो तो ५०० चौरस मीटरपासून पुढचा. म्हणजे ज्याच्याकडं एसी आहे त्याच्या घराला उष्णतेचा नियम आहे, आणि ज्याच्याकडं टेबल फॅन आहे त्याच्या घराला नाही.

काम असं करायचं. स्लॅब घासून साफ, मग नाल्या बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं, कुठं गळतंय का बघायला. गळतं छत झाकलं तर पुढं शोधता येत नाही. मग वॉटरप्रूफिंगचा हात. त्याच्यावर जास्त घनतेचा थर्माकोल, पॅकिंगमध्ये येतो तो भुसभुशीत नव्हे, तो पायाखाली दबतो. परवडत असेल तर ती रंगीत कडक फोमची पाटी घ्या, ती पाणी पीत नाही. पाट्या एकमेकीला घट्ट भिडवून सांध्यावर टेप, वर प्लास्टिकचा कागद, आणि वर जाळी टाकून दोनेक इंचाचा काँक्रीटचा थर, उतार धरून. तो अखंड न करता चौकोन पाडून करा नाहीतर उन्हानं तडकतो. सगळ्यात वर टाइल्सच्या दुकानातले पांढरे फुटके तुकडे बसवायचे. आपले मिस्त्री विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात तो पण चांगला आहे, पण ४ इंच कोबा म्हणजे दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास ओझं, त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त वजनात हे काम होतं आणि उष्णता त्याच्या कितीतरी पट अडते.

एवढं जमत नसेल तर चुना. कळीचा चुना रात्री भिजत घालायचा, सकाळी फडक्यातनं गाळायचा, त्यात थोडा गम, आणि झाडून धुतलेल्या स्लॅबवर दोन-तीन हात. डोळ्यात जाणार नाही एवढं जपा, चुना डोळा घालवतो. दरवर्षी होळीच्या आसपास मारावा लागतो, पावसात धुवून जातो, पण खर्च म्हणाल तर एका दिवसाच्या मजुरीत बसतो. आमच्या घरात ह्याच्यावर एकच तक्रार आली, ती बायकोची. कुरडया वाळत घातल्या तर खालून चुना लागतो आणि पांढऱ्यावर उन्हात उभं राहिलं की डोळे दिपतात. बरोबर आहे तिचं, म्हणून एका कोपऱ्यात तेवढे टाइल्सचे तुकडे बसवून दिले, तिथं वाळवण. आता गल्लीतल्या बाया आमच्याच गच्चीवर येतात.

भिंतींचं थोडक्यात. उघडी वीट पाणी पिते, ओली वीट उष्णता जास्त आत सोडते आणि आतून लोणा लागतो, मग आतली महागाची पुट्टी फुगून पडते आणि आपण पेंटरला शिव्या देतो. बाहेरचं प्लास्टर चारी बाजूला करा, डिझाइन राहू द्या. एकास चार माल, म्हणजे एक भाग सिमेंट अन् चार भाग वाळू, सांधे आधी खरवडलेले, भिंत आदल्या दिवशी भिजवलेली, आणि जिथं बीम-कॉलम विटेला मिळतो तिथं जाळी मारल्याशिवाय करणी लावू देऊ नका. वरून सिमेंट घोटून गुळगुळीत करायची सवय आहे मिस्त्रींना, बाहेर ते नको, केसासारख्या चिरा पडतात. स्पंज फिनिश चांगलं. क्रश सँड वापरत असाल तर प्लास्टरची बारीक धुतलेली घ्या. छज्जाच्या खाली कडेला खाच पाडून घ्या, म्हणजे पाणी तिथंच टपकतं, भिंतीवर ओघळत नाही, बिनपैशाचं काम आहे पण सांगितल्याशिवाय होत नाही. आणि आठवडा-दहा दिवस पाणी. मे महिन्यात पाणीच नसतं, म्हणून प्लास्टर दिवाळीनंतर काढा, पाणी कमी लागतं आणि माल उन्हानं करपत नाही. रंग महिनाभरानं, प्लास्टर सुकल्यावर, फिकट.

काळ्या मातीवर घर असेल तर वेगळी गोष्ट. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरप्या चिरा पडतात त्या तिच्यामुळं. त्या चिरा रंगानं बुजत नाहीत. घराच्या भोवतीनं तीनेक फूट रुंद फरशीचा पट्टा, बाहेर उतार देऊन, केला तर पाणी पायात मुरत नाही. हे पण बाहेरच्या फिनिशिंगमध्येच धरा, रंगाच्या आधी धरा. लिंबाचं झाड पश्चिमेला लावा पण भिंतीला खेटून नको.

पश्चिमेच्या भिंतीला मी तुराटीचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या बांधून केलेले, ताटवे लावलेत. भिंतीपासून वीतभर लांब, वरचा पत्रा तेवढा बाहेर काढून त्याच्या अँगलला टांगलेले, खाली जमिनीला टेकू दिले नाहीत, नाहीतर उधळी म्हणजे वाळवी लागते. ऊन ताटव्यावर पडतं, मधल्या पोकळीतली हवा गरम होऊन वर निघून जाते, भिंत सावलीत. थर्माकोल, जाळी आणि टेक्श्चर असं पण भिंतीला करतात शहरात, मला ते खेड्यात झेपेल असं वाटत नाही, म्हैस अंग घासते, पोरं बोटानं कोरतात, आणि २०१४ सारखी गारपीट झाली तर बघायलाच नको. ताटवा दोन-तीन वर्षांत खराब होईल, होऊ द्या, तूर दरवर्षी येते.

आता मुद्द्याचं मागणं. घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर आणि आपल्यासारख्या सपाट भागात १ लाख २० हजार, हप्त्यानं, प्रत्येक टप्प्याला फोटो. आमच्या गल्लीत शेवटच्या हप्त्याचा फोटो काढायला जो आला त्यानं समोर उभं राहून दार आणि नाव येईल असा एक फोटो काढला आणि गेला. घराच्या मागं कोणी गेलं नाही, वर तर नाहीच. माझं म्हणणं, एक फोटो छताचा पण घ्या. पांढरं छत असल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही असं नका करू, गरिबाचे पैसे अडकतील, उलट पांढरं छत केलं तर वरचे चार पैसे द्या. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफचं धोरण आणलंय, अहमदाबादनं उन्हाचा आराखडा २०१३ पासून केलाय आणि झोपडपट्टीतली छतं पांढरी केलीत. १९४८ पर्यंत आपण आणि तेलंगणा एकाच निजामाखाली होतो, ऊन पण एकच आहे, त्यांना सुचतं तर आपल्या जिल्हा परिषदांना सुचायला हरकत नाही.

आणि आपल्या पेपराला विनंती. रविवारच्या पुरवणीत बंगल्याच्या इंटिरिअरचं पान असतं, त्याच्यात एखादा कोपरा दोन खोल्यांच्या घराच्या बाहेरच्या अंगाला द्या. गावातल्या गवंड्यांना बोलवा, ते हुशार आहेत, पण थर्माकोल म्हणलं की त्यांना गणपतीचं मखर आठवतं, एकदा करून दाखवलं की पुढं तेच दहा घरं करतील. आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकवतात तिथं पण हे दोन दिवसांचं काम आहे. जमलं तर जानेवारीच्या आत छापा, कारण तूर काढली की लोक तुराट्या बांधावर पेटवून देतात.

कळावे,
आपला एक वाचक,
ता. औसा, जि. लातूर